मास्तरांची साक्ष

भालेराव मास्तर हजेरी घ्यायचे तेव्हा मुलगा "हजर" म्हणाला की पेन थांबवून विचारायचे, "कशावरून?" जुनी मुले हसायची. नवा मुलगा भांबावून उभा राहायचा. धुळ्याच्या हायस्कुलात मी इंग्रजी चौथीत दाखल झालो त्या दिवशी तो नवा मुलगा मी होतो. नरडाण्यापासून तीन कोसांवरच्या खेड्यातून आलेलो, डोक्यावर नवी टोपी, पायांत काही नाही. मी म्हणालो, "सर, मी इथं उभा आहे." मास्तर म्हणाले, "असं तुला वाटतं. झोपेत तू घरच्या गोठ्यात उभा असतोस तेव्हाही तुला असंच वाटतं. मग हा वर्ग खरा आणि तो गोठा खोटा, हे कशावरून?" मास्तरांनी माझ्या नावापुढे हजर लिहिले नाही, गैरहजरही लिहिले नाही. नुसते एक टिंब दिले आणि पुढचे नाव घेतले.

पुढे पंधरवडाभर रोज टिंब. महिना संपल्यावर शाळेच्या कारकुनाने सगळी टिंबे गैरहजेरीत धरली. माझी फी माफ होती आणि माफी हजेरीवर होती. हेडमास्तरांनी बोलावून ताकीद दिली, तेव्हा मी रडकुंडीला येऊन मास्तरांकडे गेलो. ते तपकिरीची डबी उघडत म्हणाले, "मी तुला गैरहजर लिहिलेलं नाही. कारकुनानं त्यातून काय अनुमान काढलं, त्याला मी जबाबदार नाही." अखेर रोज वर्गात येऊन डोकी मोजून जाणाऱ्या शिपायाने हेडमास्तरांना सांगितले की हा पोरगा तिसऱ्या बाकावर बसतो, मी रोज बघतो. माझी माफी त्या शिपायामुळे टिकली. तरी मी भारावलो तो मास्तरांवर. शिपायाचे नावसुद्धा मी कधी विचारले नाही. हे लिहिताना आज मला लाज वाटते.

मास्तर उंच आणि किडकिडीत होते. काळा लांब कोट, त्याचे वरचे बटण नाही, आणि हातात बारमाही छत्री. धुळ्याच्या मे महिन्यात, पांझरा नदीच्या वाळूत पाय भाजत असताना, कोणी छत्रीबद्दल विचारले तर म्हणत, "आज पाऊस पडणार नाही याची तू हमी देतोस?" खुर्चीवर बसण्याआधी ती हाताने दाबून बघत. घड्याळ खिशात असून दुसऱ्याला वेळ विचारत, आणि त्याने सांगितली की मान हलवून म्हणत, "तुझं घड्याळ असं म्हणतं." कोणत्याही गोष्टीला 'आहे' म्हणायचे ते टाळायचे. ऊन पडल्यासारखे दिसे. डोके दुखल्यासारखे वाटे. आम्हा खेड्यातल्या पोरांच्या कानांना हे बोलणे फार वरच्या पायरीचे लागायचे. आमच्या घरी ऊन पडायचे आणि डोके दुखायचे.

त्यांच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही होती. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते, 'निःसंशय'. ज्याबद्दल तिळमात्र शंका उरणार नाही एवढेच या वहीत लिहायचे, असा त्यांचा संकल्प होता. वर्षातून एखाद्या दिवशी ते वही वर्गात आणत, लांबून दाखवत. आमच्या वर्षी म्हणाले, "अकरा वर्षं झाली. दीड वाक्य झालं." ते दीड वाक्य काय आहे हे सांगत नसत. सांगितले की ऐकणारा समजल्याचा आव आणतो, असे त्यांचे म्हणणे. माणसाने अकरा वर्षे शोध करून दीड वाक्य मिळवावे याचे मला केवढे कौतुक वाटे. आपणही अशी वही करायची असे मी ठरवले, आणि केलीही. तिच्यात अर्धेही वाक्य झाले नाही. माझी बुद्धी कमी म्हणून होत नाही, असे मी समजलो.

त्या वर्षी मी सुट्टीत घरी गेलो तो मास्तरांची नक्कल होऊनच गेलो. वडील म्हणाले, उद्या वखर घालायची, जमीन वाफशावर, म्हणजे कामाजोगत्या ओलीवर, आली आहे. मी म्हणालो, कशावरून? त्यांनी वाकून मूठभर माती उचलली, दाबली, सोडली आणि माझ्यापुढे धरली. मी म्हणालो, हे तुम्हाला वाटतं, पण हाताला वाटतं ते खरं कशावरून? वडील अंगठेबहाद्दर होते, पण मूर्ख नव्हते. हे खूळ कुठून आले ते त्यांनी विचारून घेतले, मास्तरांविषयी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला, "तुना मास्तर जेवस का?" मी म्हणालो, जेवतात की. "मंग त्याले बठ्ठं माहीत शे. तू वखर धर." म्हणजे, मग त्याला सगळे माहीत आहे. वडिलांना तत्त्वज्ञान कळत नाही, एवढाच अर्थ मी त्या वेळी काढला.

मास्तर जेवत होते ते येसूअक्काकडे. मीही तिथेच जेवत होतो, आणि हे जे चार शब्द आज लिहिता येतात ते तिच्या भाकरीवर. गल्ली नंबर पाचमध्ये दोन खोल्यांचे घर, पुढे ओटा. घर दगडूनानांचे. नाना जिनिंग फॅक्टरीत फिटर होते आणि ते घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधले होते. येसूअक्का त्यांची पाटाची बायको, म्हणजे विधवा झाल्यावर आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे नानांशी पाट लावून आलेली. मूलबाळ नव्हते. खेड्यातून शिकायला आलेल्या आठदहा पोरांना ती जेवू घालायची. घरून पैसे आले नाहीत तर ताट थांबत नसे. माझे ताट तर वर्षातून चार महिने असेच चाले. तिने त्याबद्दल मला कधी विचारले नाही. विचारायची ते एवढेच, "भाऊ, आखो लेस का?" म्हणजे, आणखी घेतोस का?

मास्तर समोरच भाड्याने राहत. बायको लवकर वारलेली. ते ब्राह्मण असून अक्काच्या पंक्तीला सगळ्यांबरोबर बसत, याचा त्या गल्लीत बोलबाला होता. "जात आहे हे कशावरून?" असे ते विचारत, आणि त्या एका वेळी तरी तो प्रश्न त्यांच्या तोंडी शोभे. हे श्रेय मी त्यांचे काढून घेत नाही. मात्र पंक्तीतही त्यांचे चालूच असे. एकदा म्हणाले, "अक्का, डाळीत मीठ कमी असल्यासारखं वाटतं. आहे की नाही, ते सांगता येत नाही." अक्काने चिमूटभर मीठ त्यांच्या वाटीत टाकले आणि म्हणाली, "आते सांगा." पोरे हसली, मास्तरही हसले. नऊ वर्षे त्यांनी तिथे दोन वेळा कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, भरीत, ठेचा खाल्ला. त्या नऊ वर्षांत एकही भाकरी त्यांनी संशय घेऊन परत पाठवली नाही.

मी मॅट्रिक झालो आणि अक्काने पदराखालून काढून दिलेल्या पैशांवर पुण्याला कॉलेजात गेलो. मास्तरांमुळे तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय घेतले. दुसऱ्या वर्षी नाना आजारी पडले. पोटात गाठ होती. आपण वाचत नाही हे ओळखून त्यांनी अर्जनवीस बोलावून मृत्युपत्र केले: घर येसूबाईला, तिच्या हयातीत आणि पुढे तिच्या मर्जीने. खाली नानांची सही आणि दोन साक्षीदार. एक रहिमानभाई कल्हईवाले. ते शेजारी राहायचे, अक्काची भांडी तेच कल्हई करायचे. त्यांनी अंगठा केला. दुसरे भालेराव मास्तर. त्यांनी ठसठशीत सही केली. कागदावर, जसे सगळ्या कागदांवर असते तसे, लिहिले होते की हे राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले, साक्षीदारांसमक्ष. तिसऱ्या दिवशी नाना गेले.

मी त्या वेळी तिथे नव्हतो. नाना शुद्धीवर होते की नाही हे मी पाहिलेले नाही. मास्तरांच्या नियमाने मी या बाबतीत तोंड उघडता कामा नये. पण मी अक्काला ओळखत होतो, रहिमानभाईंना ओळखत होतो, आणि त्यांनी जे सांगितले त्यावर माझा विश्वास बसला. अजून आहे.

नानांचे तीन पुतणे होते, दोंडाईच्याला व्यापारात. चुलत्याच्या आजारपणात ते एकदाही आले नाहीत. तेराव्याला आले आणि घर मोजून गेले. मग दिवाणी कोर्टात दावा झाला. त्यांचे म्हणणे, पाट लागलाच नव्हता, बाई ठेवलेली होती, आणि चुलते बेशुद्ध असताना तिने कागद करून घेतला. पाटाचे सिद्ध करणे अवघड होते. ते विधी गाजावाजा न करता होतात, आणि ज्यांच्या पुढ्यात झाला ती माणसे मरून गेली होती. पण वकील म्हणाले, पाट राहू द्या, मृत्युपत्र टिकले की पुरे. माणूस आपल्या कमाईचे घर कोणालाही देऊ शकतो. शुद्धीत दिले एवढे साक्षीदारांनी सांगायचे.

तारखेच्या आदल्या दिवशी मी पुण्याहून आलो. अक्का नेहमीसारखी चुलीपुढे बसली होती. तिला काळजी नव्हती. "मास्तर शेतस ना," ती म्हणाली. "शिकेल माणूस शे, त्या सांगतीन." रहिमानभाईंचे काय असे मी विचारले तर म्हणाली, तो तर घरचाच, पण कोर्टात शिकलेल्याचे वजन पडते. घर गेले तर काय, हे ती बोलली नाही. पण त्या घराशिवाय तिला खाणावळ नव्हती आणि खाणावळीशिवाय जगायला दुसरे काही नव्हते, हे आम्हा दोघांना ठाऊक होते.

मी समोर मास्तरांकडे गेलो. ते उत्साहात दिसले. कोट झटकून खुंटीला लावला होता. मी म्हणालो, सर, उद्या अक्काचं सगळं तुमच्यावर आहे, तेवढं स्पष्ट सांगा. ते म्हणाले, "मी सत्यापलीकडे एक अक्षर बोलणार नाही." मला हायसे वाटले. परत येऊन मी अक्काला सांगितले की मास्तर खरे तेच बोलणार आहेत. ती म्हणाली, मग झाले तर.

रहिमानभाईंची साक्ष आधी झाली. ते धुतलेला सदरा घालून आले होते, हातांच्या रेषांत कल्हईचा काळा रंग तसाच. नाना शुद्धीवर होते का, असे विचारल्यावर म्हणाले, "साहब, नानाने मेरे को देखके पूछा, रहिमान, तेरे लडके का बुखार उतरा क्या. जिसको होश नहीं, वो दूसरे के लडके का बुखार पूछता क्या?" मग पुतण्यांच्या वकिलाने त्यांना एकच विचारले, लिहिता-वाचता येतं का? नाही. कागदात काय लिहिलं होतं ते स्वतः वाचलंत का? नाही. पक्षकार बाईची भांडी तुम्हीच कल्हई करता ना? हो. वकील खाली बसले.

मग मास्तर उभे राहिले. अक्काच्या वकिलाने विचारले, ही सही तुमची का? माझी. तुमच्यासमोर नानांनी सही केली? हात हललेला पाहिला. इथवर ठीक होते. मग पुतण्यांचे वकील उठले. ते तरुण होते आणि मास्तरांचेच जुने विद्यार्थी होते. त्यांनी कागदपत्र पुढे ओढले नाहीत, आवाज चढवला नाही. आदराने हात जोडले आणि म्हणाले, "सर, नाना अक्कलहुशारीत होते, हे कशावरून?"

मी मास्तरांचा चेहरा पाहत होतो. इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर त्यांनी जो प्रश्न पोरांना विचारला तो भर कोर्टात, सबजज्जसाहेबांच्या समोर, कोणीतरी त्यांना विचारला होता. त्यांनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. दुसऱ्याचे मन आपल्याला दिसत नाही. दिसतो तो देह आणि ऐकू येतो तो आवाज. आवाजामागे विचार आहे हे आपण गृहीत धरतो. ते गृहीत आहे, ज्ञान नाही. वकिलांनी विचारले, रहिमानभाई म्हणतात की नानांनी मुलाच्या तापाची चौकशी केली, तुम्ही ऐकलीत का? मास्तर म्हणाले, "तसे शब्द माझ्या कानी आले. ते समजून उच्चारलेले होते की सवयीनं निघालेले, हे मी कसं सांगू? पोपटही बोलतो." मग सही का केलीत? "सही हा लोकव्यवहार आहे. सही म्हणजे ज्ञान नव्हे." म्हणजे नाना शुद्धीत होते असे तुम्ही शपथेवर सांगू शकत नाही? "शपथेवर तर मुळीच नाही. मी स्वतः या घटकेला शुद्धीत आहे हेही निःसंशय सांगायचं तर मला विचार करावा लागेल."

कोर्टात हशा पिकला. मास्तरांनी तो दाद म्हणून घेतला. मान किंचित लववून खाली उतरले.

पायऱ्यांवर अक्का माझ्यापाशी आली. साक्षीतले निम्मे तिला कळले नव्हते, उरलेले निम्मे पुरेसे होते. तिने मला हळूच विचारले, "मास्तरसले डोया शेतस ना, भाऊ?" मास्तरांना डोळे आहेत ना? मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. मला तिच्याकडे पाहवेना.

त्या संध्याकाळी मास्तर नेहमीच्या वेळी जेवायला आले. मला वाटले होते येणार नाहीत. आले, छत्री कोपऱ्यात ठेवली, पाट हाताने दाबून बघितला आणि बसले. अक्काने ताट वाढले. भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "अक्का, मी असत्य काही बोललो नाही." अक्का म्हणाली, "जेवा मास्तर. भाकर गरम शे." थोड्या वेळाने, दुसरी भाकरी त्यांच्या ताटात टाकताना, तिने विचारले, "भाकर गरम शे, इतलं तरी माहीत शे ना तुमले?"

मास्तर घास चावत थांबले. म्हणाले, "लागते तर आहे."

अक्काने त्यांना तिसरी भाकरी वाढली आणि त्यांनी ती खाल्ली.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. साक्षीदारांपैकी जो अडाणी आणि बाईच्या रोजच्या संबंधातला आहे तो खात्री देतो, आणि जो सुशिक्षित व निःस्वार्थी आहे तो खात्री देत नाही. कोर्टाला दुसऱ्याचे वजन अधिक वाटते, असे सबजज्जसाहेबांनी लिहिले. घर पुतण्यांना गेले. अपिलाची ताकद अक्काजवळ नव्हती. मी त्या काळी मनाशी पुष्कळ वेळा म्हणालो, मास्तरांनी पुतण्यांकडून काही घेतले असते तर बरे झाले असते. मग ते एक लुच्चे गृहस्थ ठरले असते आणि मी मोकळा झालो असतो. त्यांनी चहाचा कपही घेतला नाही. ते मनापासून म्हणाले होते की सत्यापलीकडे एक अक्षर बोलणार नाही.

त्याच वर्षी कॉलेजात आम्हाला एका जुन्या पाश्चात्त्य तत्त्ववेत्त्याचा ग्रंथ लागला. वाचता वाचता मी थबकलो. झोपेतला गोठा आणि जागेपणीचा वर्ग, डोळ्यांवर विश्वास का ठेवू नये, सगळे तिथे होते. गोठ्याऐवजी दुसरे काही होते, एवढाच फरक. म्हणजे जो माणूस बारा वर्षांच्या पोराला उभे करून कशावरून, कशावरून विचारत होता, त्याने स्वतः हे कशावरून घेतले ते आम्हाला कधीच सांगितले नव्हते. आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्या ग्रंथकर्त्याने शंका घेतली ती पाया सापडावा म्हणून, आणि त्यासाठी कष्ट केले. मास्तरांनी त्यातला पहिला अध्याय उचलला आणि त्यावर बिऱ्हाड केले. शंका खरी आली तर माणूस उठून बघायला जातो. अक्काला दुधाची शंका आली तर ती वास घेऊन बघायची. वडिलांना वाफशाची शंका आली तर ते माती उचलायचे. मास्तर कधी उठलेच नाहीत. नाना समोर पडलेले असताना, नाना, मी कोण, एवढेसुद्धा त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते, आणि उत्तर मिळाले की बोलावे लागते.

अक्का नरडाणा स्टेशनाबाहेर पत्र्याच्या आडोशाला भाकरी-पिठले विकू लागली. भांडी पोचवायला रहिमानभाई स्वतः बैलगाडीबरोबर गेले. मी बी.ए. झालो ती बातमी सांगायला गेलो तेव्हा तिने गिऱ्हाईक थांबवून मला आधी वाढले. घरची पहिली पदवी होती आमच्या. वडिलांनी गावात साखर वाटली. अक्काने माझ्या डोक्यावरून हात फिरवून विचारले, "आते कोनी तुले इचारं, तर सांगशी ना?" आता तुला कोणी विचारले तर सांगशील ना? मी म्हणालो, सांगीन. पाच वर्षांनी ती गेली. मी पोचलो तेव्हा चूल अजून कोमट होती.

तोवर मला सबरजिस्ट्रारची नोकरी लागली होती. मी ती मागून घेतली असे म्हटले तरी चालेल. दस्त नोंदायला माणसे येतात. त्यांना विचारायचे, हे तू लिहून दिलेस का, कळून दिलेस का, आणि ओळख द्यायला आलेल्याला विचारायचे, याला ओळखतोस का. मी रोज शंका घेतो. बापाचे नाव विचारतो, शेताच्या चतुःसीमा विचारतो, म्हातारा आजारी असेल तर त्याच्या घरी जाऊन, नातेवाइकांना बाहेर काढून, त्याच्याशी चार गोष्टी बोलतो. फसलोही आहे. पण चौकशी झाली की सही करावी लागते, नाही तर दस्त नाकारावा लागतो. टिंब देता येत नाही.

माझी बदली जळगावला झाली. स्वातंत्र्य आता येतेच असे सगळे म्हणत होते ते दिवस. एके दुपारी एक बाई कचेरीत आल्या. म्हणाल्या, मामांना पेन्शन आहे, दर महिन्याला ट्रेझरीत जाऊन तोंड दाखवावे लागते, पण अंगावरून वारे गेल्यापासून ते उठू शकत नाहीत. दोन महिने पेन्शन अडली आहे, आणि घर त्याच्यावर चालते. "कारकून म्हणतात, तुमचे मामा जिवंत आहेत हे आम्ही कशावरून मानायचं? अधिकाऱ्याच्या सहीचा हयातीचा दाखला आणा म्हणाले." मी मामांचे नाव विचारले. त्यांनी सांगितले, भालेराव.

खरे सांगतो, दुसऱ्या दिवशी सकाळी छापील फॉर्म घेऊन मी निघालो तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट होती. खाटेजवळ उभे राहायचे आणि विचारायचे, तुम्ही हयात आहात, हे कशावरून? इतकी वर्षे तो प्रश्न मी खिशात घेऊन फिरत होतो.

मास्तर खाटेवर होते. उंच माणूस आखडून लहान झाला होता. एक हात पोटावर मेल्यासारखा. छत्री खुंटीला. खाली जमिनीवर त्या बाईंची लहान मुलगी पालथी पडून एका वहीत बाराखडी गिरवत होती. लाल कापडी पुठ्ठा मी लगेच ओळखला. माझी नजर तिकडे गेलेली पाहून बाई ओशाळल्या. म्हणाल्या, "कोरीच होती. पहिल्या पानावर थोडं खोडलेलं होतं, तेवढंच."

मी मास्तरांना नाव सांगितले. ते बराच वेळ बघत राहिले. "धुळ्याचा असावास," म्हणाले. "निश्चित सांगता येत नाही." बाई कासावीस झाल्या होत्या. फॉर्मवर लिहिले होते, सदरहू इसम आज रोजी माझ्या समक्ष हयात असून मी त्यास ओळखतो. मी मास्तरांकडे पाहिले. छाती वरखाली होत होती, ओठाच्या कडेला लाळ होती, डोळे हलत होते. मी काहीच विचारले नाही. मांडीवर फॉर्म ठेवून तारीख घातली आणि सही केली. पेन बुडवून टिपकागद लावीपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा लागला.

मास्तरांना ते आवडले नसावे. वारे गेलेल्या तोंडातून शब्द तुटक येत होते, पण सूर तोच होता. "लगेच केलीस? मला ओळखतोस, असं लिहिलंस. कशावरून?"

मी म्हणालो, "येसूअक्काच्या दाव्यात तुमची साक्ष ऐकली होती, सर."

मुलीच्या बोरूची कुरकुर तेवढी चालू होती. मला वाटले, आता मास्तर काही तरी बोलतील. एक शब्द पुरला असता. त्यांनी चांगला हात उचलून चादर छातीवर ओढली आणि म्हणाले, "तर्कात चूक नव्हती."

"नव्हती, सर," मी म्हणालो, आणि फॉर्म बाईंच्या हातात दिला.

पुढे सात महिने, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, मी त्या घरी जाऊन दाखला देत राहिलो. मास्तरांनी पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही, आणि मीही थांबून बोललो नाही. लोकांना वाटे, जुन्या गुरूबद्दल आदर म्हणून मी जातो. आदर नव्हता. दयाही फारशी नव्हती. आठव्या महिन्यात बाईच कचेरीत आल्या, दाराच्या चौकटीला कपाळ टेकून उभ्या राहिल्या, आणि मी काढून ठेवलेला फॉर्म ड्रॉवरमध्ये परत ठेवला. त्या महिन्यापर्यंत ते हयात होते. मी पाहिले होते, म्हणून लिहिले.